गिट कमिट काही न बोलता परत येतं, कमिट मात्र होत नाही. कुठे शोधू?

रानजाई (धागाकर्ती), मंगळवार रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चार दिवस एका गोष्टीने हैराण केलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजीच्या आणि दोन आत्यांच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आजी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मी, चुलतभाऊ आणि एक मैत्रीण ते ऐकून टाइप करतोय. एका संचाला एक साधी टीएक्सटी फाइल, अशा आता तीनशेच्या आसपास फायली झाल्यात. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याकडून पुसली जाऊ नये आणि कुठला शब्द कोणी का बदलला ते कळावं, म्हणून सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवलंय. अशा एका नोंदीला कमिट म्हणतात.

आता अडचण. गिट ॲड करते, स्टेटसमध्ये फाइल हिरव्या अक्षरांत दिसते. मग ‘गिट कमिट -एम’ आणि पुढे संदेश, एंटर. प्रॉम्प्ट परत येतो. लाल अक्षरं नाहीत, एरर नाही, एक शब्द नाही. लॉग बघितला तर नवीन कमिट नाही. स्टेटस बघितलं तर फाइल तिथेच, हिरवीच.

शिवाय हे दरवेळी होत नाही. काल पाच वेळा केलं, दोनदा झालं, तीनदा नाही. भावाच्या लॅपटॉपवर कधीच होत नाही. कंटाळून अख्खी रेपो (गिटमधला सगळा साठा) नव्याने क्लोन केली, म्हणजे उतरवून घेतली. त्या दिवशी एक कमिट गेलं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

उबुंटू २४.०४, गिट २.४३. मोबाईलवरून लिहितेय आणि कळफलक मराठी आहे, म्हणून कमांडही देवनागरीत लिहिल्यात. समजून घ्या.

कोकणकडा, मंगळवार रात्री १०.५२

गिटइग्नोर बघितलं का? त्यात एखादा जास्तीचा तारा पडला की फायली गुपचूप वगळल्या जातात. ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ आणि पुढे फाइलचं नाव. कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीने ती वगळली ते सांगतं.

पिठलंभाकरी, मंगळवार रात्री ११.०५

@कोकणकडा, तसं नसावं. फाइल वगळली गेली असती तर स्टेटसमध्ये हिरवी दिसलीच नसती. हिरवी आहे म्हणजे इंडेक्समध्ये, कमिटसाठी निवडलेल्या बदलांच्या यादीत, पोचलीय. गाडी इंडेक्सच्या पुढे अडलीय.

डिस्क भरलीय का, बघा. पण तेव्हाही गिट ओरडतंच.

कोकणकडा, मंगळवार रात्री ११.०९

पटलं. हिरवी म्हटलंय ते वाचायचं राहिलं माझं.

सहा_वाजताची_लोकल, मंगळवार रात्री ११.२०

ताई, सगळ्यात आधी एक करा. कमिट फसलं की लगेच, मध्ये दुसरी कुठलीही कमांड न देता, ‘एको’ (छापून दाखवणारी कमांड) आणि पुढे डॉलर-प्रश्नचिन्ह असं टाका. शेवटच्या कमांडने जाताना जो आकडा मागे ठेवला, तो दिसेल. ० आला तर गिटच्या मते सगळं ठीक झालंय आणि आपण चुकीच्या जागी बघतोय. ० सोडून दुसरं काही आलं, तर गिटला माहीत आहे की काम झालं नाही, फक्त त्याने तोंडाने सांगितलं नाही. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. हा आकडा कळेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका.

रानजाई, मंगळवार रात्री ११.३१

१ आला.

सहा_वाजताची_लोकल, मंगळवार रात्री ११.३४

मग माझा संशय हुकवर, म्हणजे गिट ठरावीक वेळी आपोआप चालवतं त्या छोट्या स्क्रिप्टवर. कमिटच्या आधी चालणारा प्री-कमिट हुक शून्येतर आकडा देऊन संपला, तर गिट कमिट रद्द करतं आणि स्वतःहून चकार शब्द काढत नाही. बोलायची जबाबदारी हुकची, असं गिटने धरलंय. हुक गप्प राहिला तर सगळंच गप्प.

मुळशीकर, मंगळवार रात्री ११.४०

+१. खात्री करायची तर ‘गिट कमिट --नो-व्हेरिफाय’ करून बघा. झालं तर हुकच.

देवराई, बुधवार सकाळी ७.१५

@मुळशीकर, हे सांगताना जरा जपून. माझ्या आधीच्या नोकरीत कोणीतरी असंच एकदा ‘खात्रीसाठी’ म्हणून सांगितलं आणि महिन्याभरात अर्ध्या टीमच्या बोटांत नो-व्हेरिफाय बसलं. हुक होता, चालत होता, पण कोणी त्याच्यातून जातच नव्हतं. शेवटी एक पासवर्ड रेपोत गेला. तो थांबवण्यासाठीच तर हुक लिहिला होता.

मुळशीकर, बुधवार सकाळी ८.०२

मी निदानासाठी म्हटलं, उपचार म्हणून नाही. एकदा करायचं, कळलं की ‘गिट रीसेट --सॉफ्ट’ने मागे यायचं.

देवराई, बुधवार सकाळी ८.१०

मग मान्य. पण ते ‘एकदा’ दर वेळी लिहा. वाचणारे अर्धीच ओळ उचलतात.

रानजाई, बुधवार सकाळी ९.३०

एकदाच केलं! नो-व्हेरिफाय दिल्यावर कमिट झालं. मग देवराईंना स्मरून मागेही घेतलं.

पण आता जास्तच गोंधळलेय. रेपोतल्या डॉट-गिट फोल्डरात हुक्स नावाचं फोल्डर आहे, त्यात सगळ्या फायलींच्या शेवटी ‘सॅम्पल’ लिहिलंय. त्या चालत नाहीत असं वाचलं. म्हणजे माझ्याकडे हुकच नाही ना?

दूरदेशी, बुधवार सकाळी ९.५५

इकडे रात्र आहे, झोपायच्या आधी लिहून टाकतो. थोडं अवांतर होईल.

मी सबव्हर्जनच्या, म्हणजे गिटच्या आधीच्या अशाच प्रणालीच्या, काळातला माणूस. २००४ मध्ये त्याची १.० आली, तेव्हा आम्ही त्याहून जुनं सीव्हीएस सोडून त्यावर गेलो. तिथे प्री-कमिट हुक सर्व्हरवर चालतो. त्याने स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका सांगायच्या वेगळ्या वाटेवर, जे लिहिलं ते कमिट करणाऱ्यापर्यंत पोचतं, स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे नेहमीच्या वाटेवर, लिहिलेलं पोचत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने साध्या एकोने इतके सविस्तर संदेश लिहिले होते आणि त्यातला एकही कोणाला दिसला नाही. पण सबव्हर्जनचं एक मला फार आवडायचं. तो निदान एवढं सांगायचा, की प्री-कमिट हुकने कमिट अडवलं, आकडा १, आणि हुकने काही लिहिलं नाही. ‘काही लिहिलं नाही’ हेसुद्धा तो लिहायचा. त्या एका ओळीने माणूस थेट हुकपाशी जायचा. गिटमध्ये ती ओळ नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

कोकणकडा, बुधवार सकाळी १०.०४

‘मौनं सर्वार्थसाधनम्’ हे गिटने फारच मनावर घेतलंय.

पिठलंभाकरी, बुधवार सकाळी १०.२०

@दूरदेशी, मला इथे थोडं वेगळं वाटतं. युनिक्सची रीतच आहे, सांगण्यासारखं नसेल तर बोलू नये. म्हणून तर एका कमांडचं तोंड दुसरीला जोडता येतं. प्रत्येक जण बोलायला लागला तर पाइपमधून गप्पाच वाहतील.

दूरदेशी, बुधवार सकाळी १०.२८

यश आलं तर गप्प बसावं, हे मलाही मान्य. ही रीत यशासाठी आहे. अपयश आलं तर कारण सांगितलंच पाहिजे, आणि ते सांगायला स्टँडर्ड एरर वेगळी ठेवलीय, ती पाइपमध्ये जात नाही. काम न करता गप्प राहणं या रीतीत बसत नाही.

सहा_वाजताची_लोकल, बुधवार सकाळी १०.४५

मूळ प्रश्नाकडे येऊ.

ताई, हुक त्याच फोल्डरात असले पाहिजेत असं नाही. ‘कोअर.हुक्सपाथ’ नावाची सेटिंग आहे, गिट २.९ पासून, म्हणजे २०१६ पासून. तिने हुकांचा पत्ता कुठेही नेता येतो. दोन गोष्टी करा.

एक, ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट कोअर.हुक्सपाथ’. सेटिंग आहे का आणि कुठल्या फाइलमधून आली, दोन्ही कळेल.

दोन, कमिटच्या कमांडआधी त्याच ओळीत ‘गिट_ट्रेस=१’ लिहा. रोमनमध्ये, सगळी मोठी अक्षरं, मध्ये अंडरस्कोर. गिट आतून काय काय चालवतं ते छापेल. शेवटची ओळ काय येते ते इथे सांगा.

रानजाई, बुधवार दुपारी १.१०

सापडलं! ट्रेसच्या शेवटच्या ओळीत ‘प्री-कमिट’ आहे आणि त्याच्यापुढे काही नाही. हुक्सपाथ रेपोतल्याच ‘साधने/हुक’ या फोल्डरकडे बोट दाखवतोय आणि ही सेटिंग डॉट-गिटच्या आतल्या कॉन्फिगमध्ये आहे.

ती तिथे आली कशी तेही आठवलं. भावाने एक छोटी स्क्रिप्ट दिली होती, ‘क्लोन केल्यावर ही एकदा चालव’ म्हणून. नवीन क्लोन केल्यावर पहिलं कमिट मी ती न चालवता केलं, म्हणून ते गेलं! दुसऱ्या दिवशी आठवणीने चालवली आणि तिथून पुन्हा सुरू.

हुक आहे तो असा. ओळीच्या शेवटी रिकाम्या जागा राहिल्या तर अडवण्यासाठी आहे.

शीबँग, बॅश
सेट -ई
फायली=$(गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली | ग्रेप '\.टीएक्सटी$')
मग या फायलींवर एक फॉर लूप. आत दुसरा ग्रेप (ग्रेप म्हणजे मजकूर शोधणारी कमांड), रिकामी जागा सापडली तर ‘या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी जागा आहे’ असं एको आणि एक्झिट १.

म्हणजे अडवताना तो बोलतो. मला तो संदेश मागे दोनदा आलाही होता. मग आत्ता गप्प का?

मुळशीकर, बुधवार दुपारी १.२२

‘सेट -ई’ दिसलं आणि चहा बाजूला ठेवला.

ग्रेपला काही सापडलं तर तो ० देतो, काहीच सापडलं नाही तर १, आणि खरोखर बिघाड झाला तर २. म्हणजे ‘सापडलं नाही’ हेही ग्रेपच्या हिशेबात शून्येतर. पाइपच्या शेवटी ग्रेप आहे, म्हणून अख्ख्या पाइपचा आकडा तोच. तो व्हेरिएबलमध्ये भरताना त्या ओळीचाही आकडा १. आणि सेट -ई म्हणतं, कुठल्याही ओळीने शून्येतर दिलं की तिथेच स्क्रिप्ट संपव. तिसऱ्या ओळीवर खेळ खलास. एको असलेल्या लूपपर्यंत पोचायचं नावच नाही.

देवराई, बुधवार दुपारी १.३०

अगदी. आणि यातला खोडसाळ भाग असा की हीच ओळ फंक्शनच्या आत ‘लोकल फायली=$(...)’ अशी लिहिली असती, तर सेट -ई थांबलं नसतं. कारण मग आकडा लोकल या कमांडचा धरला जातो, आणि तो ०. इफच्या अटीत किंवा ‘किंवा’च्या दोन रेघांच्या डावीकडे असलं तरी थांबत नाही. सेट -ईच्या भरवशावर राहू नये, असं मी नवीन मुलांना सांगते ते यासाठी.

पिठलंभाकरी, बुधवार दुपारी २.०५

थांबा, थांबा. हे सगळं खरं, पण ग्रेपला काही सापडलं नाही, तरच. ताई तर टीएक्सटी फाइलच कमिट करतायत. ती ग्रेपला सापडायला हवी. का नाही सापडत?

मुळशीकर, बुधवार दुपारी २.०९

हं. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सहा_वाजताची_लोकल, बुधवार दुपारी २.१५

अंदाज नकोत, बघूनच घेऊ. ताई, फाइल ॲड करून ठेवा आणि रेपोच्या मुळाशी उभं राहून ‘बॅश -एक्स साधने/हुक/प्री-कमिट’ चालवा. गिटचा संबंध नाही, हुक एकटा. चाललेली प्रत्येक ओळ छापत जाईल. (गिट २.३६ पासून ‘गिट हुक रन प्री-कमिट’ असंही आहे, पण त्यात ओळी दिसत नाहीत.)

रानजाई, बुधवार संध्याकाळी ६.५०

घरी आल्यावर केलं. गिट डिफची ओळ, ग्रेपची ओळ, मग ‘फायली=’ आणि बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही. तिथे संपलं. मुळशीकरांनी सांगितलं अगदी तसंच. आणि पिठलंभाकरींचा प्रश्नही तसाच उभा.

आज कमिट करत होते ती फाइल ‘ओवी-२१७’, पुढे टिंब, टीएक्सटी.

नुक्ता, बुधवार संध्याकाळी ७.०२

वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. फाइलचं नाव देवनागरीत आहे का? म्हणजे प्रत्यक्ष डिस्कवर?

रानजाई, बुधवार संध्याकाळी ७.०५

हो. पहिल्या दीडशे फायलींची नावं रोमनमध्ये होती. मग मैत्रीण म्हणाली, आजीच्या ओव्यांची नावं तरी मराठीत असू देत. तेव्हापासूनच्या सगळ्या देवनागरीत.

नुक्ता, बुधवार संध्याकाळी ७.०८

मग ग्रेप काढून टाका आणि पाइपच्या आधीचा भाग नुसता चालवा. ‘गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली’. जसं दिसेल तसं इथे उतरवा, एकही चिन्ह गाळू नका.

रानजाई, बुधवार संध्याकाळी ७.१४

हे काय आहे?

"\३४०\२४४\२२३\३४०\२४४\२६५\३४०\२४५\२००-२१७.टीएक्सटी"

नुक्ता, बुधवार संध्याकाळी ७.३०

ही तुमची ओवी आहे.

यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं. पहिले तीन आकडे ‘ओ’, पुढचे तीन ‘व’, शेवटचे तीन दीर्घ वेलांटी. आकडे अष्टमान पद्धतीत आहेत. गिटमध्ये ‘कोअर.कोटपाथ’ नावाची सेटिंग आहे, ती मुळात चालू असते. ती असली की साध्या इंग्रजी टंकाबाहेरचं अक्षर नावात आलं की गिट ते असं आकड्यांत लिहितं आणि पूर्ण नावाला दुहेरी अवतरणचिन्हं लावतं.

आता त्या ओळीचं शेवटचं चिन्ह बघा. टीएक्सटी नाही, अवतरणचिन्ह आहे. ग्रेपला सांगितलंय, टीएक्सटीवर संपणारी ओळ शोध. डॉलरचा अर्थ तोच. ओळ अवतरणचिन्हावर संपते, ग्रेपला काही सापडत नाही, तो १ देतो, सेट -ई दार लावून घेतं.

पिठलंभाकरी, बुधवार संध्याकाळी ७.३३

क्या बात है. एका अवतरणचिन्हाने!

सहा_वाजताची_लोकल, बुधवार संध्याकाळी ७.४१

उभा राहून टाळ्या वाजवतोय, डब्यातले लोक बघतायत.

ताई, ज्या दोन वेळा कमिट झालं, त्यात बरोबर एखादी रोमन नावाची टीएक्सटी होती का?

रानजाई, बुधवार संध्याकाळी ७.५०

होती! नवीन ओवी आली की सूचीच्या फाइलमध्ये तिची नोंद करते, आणि सूचीचं नाव रोमन आहे. नवीन ओवी म्हणजे दोन फायली, ते कमिट होतं. नुसती जुन्या ओवीतली दुरुस्ती असली की एकच फाइल, ते होत नाही. ‘कधी होतं, कधी नाही’ म्हणत होते, आणि त्यामागे इतका सरळ हिशेब होता.

देवराई, बुधवार रात्री ८.१५

यात एक गंभीर गोष्ट लपलीय. जेव्हा कमिट ‘झालं’, तेव्हा ग्रेपला फक्त सूची सापडली. म्हणजे हुकने फक्त सूची तपासली. ताईंच्या मशीनवर देवनागरी नावाची एकही फाइल आजवर तपासली गेलेली नाही. अडलेल्या कमिटपेक्षा मला हे जास्त लागलं. अडलं ते निदान दिसलं तरी.

जोडाक्षर, बुधवार रात्री १०.२०

मी तो चुलतभाऊ. ताईने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. हुक मी लिहिलाय आणि चूक माझी आहे.

माझ्याकडे का चालायचं ते आत्ता कळलं. गिट स्टेटसमध्ये ते आकडे दिसायचे, वाचता यायचं नाही, म्हणून मी कधीतरी माझ्या मशीनवर कोटपाथ सगळ्या रेपोंसाठी बंद केलं होतं. केलं आणि विसरलो. म्हणून मी छातीठोक सांगत होतो, माझ्याकडे चालतंय, तुझ्याच लॅपटॉपचं काहीतरी आहे.

मुळशीकरांचं वाचून आत्ता नुसती माहितीची एमडी फाइल बदलून कमिट केलं. माझ्याकडेही गप्प! टीएक्सटी नाही, ग्रेपला काही नाही, १. म्हणजे माझ्याकडेही तो पहिल्या दिवसापासून मोडकाच होता.

ताई, चार दिवस गेले तुझे. फोन करतोच.

मुळशीकर, बुधवार रात्री १०.३१

दादा, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. तात्पुरता उपाय, ग्रेपच्या पुढे ‘|| ट्रू’ लावा. आणि कोटपाथ बंद करायचा.

देवराई, बुधवार रात्री १०.४०

दोन्हींना माझा विरोध. ‘|| ट्रू’ लावलं की ग्रेपचा २ही गिळला जातो, खरा बिघाड झाला तरी हुक पुढे जाईल. आणि कोटपाथ ही ज्याच्या त्याच्या मशीनवरची सेटिंग. उद्या चौथा माणूस कामाला आला की पुन्हा हेच. हुक कोणाच्या सेटिंगवर अवलंबून नको. कोटपाथ बंद केलं तरी नावात अवतरणचिन्ह किंवा उलटी रेघ असली तर गिट अवतरणं लावतंच.

सहा_वाजताची_लोकल, बुधवार रात्री १०.५८

देवराईंशी सहमत. ग्रेपच नको. फायली निवडायचं काम गिटलाच द्या. ‘गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=एसीएम -झेड’, मग दोन आडव्या रेघा आणि अवतरणात ‘*.टीएक्सटी’. -झेडने नावं जशीच्या तशी येतात, आकडे नाहीत, अवतरणं नाहीत, प्रत्येक नावानंतर शून्य बाइट. ती ‘व्हाइल आयएफएस= रीड -आर -डी ''’ने वाचा. एकही फाइल जुळली नाही तर लूप चालत नाही आणि कोणी १ देत नाही.

आणि सेट -ईखाली एक ओळ घाला. ‘ट्रॅप’, अवतरणात ‘हुक $लाइननो ओळीवर थांबला’ असं स्टँडर्ड एररवर एको, पुढे ‘ईआरआर’. दूरदेशींची सबव्हर्जनची ती एक ओळ आपणच लिहायची.

नुक्ता, बुधवार रात्री ११.१०

ओळीच्या शेवटची रिकामी जागाच बघायची असेल तर हुकमध्ये ‘गिट डिफ --कॅश्ड --चेक’ एवढंच पुरेल. फाइल, ओळीचा क्रमांक, सगळं सांगतं. त्या सॅम्पल फायलींमधल्या प्री-कमिटची शेवटची ओळ जवळपास हीच आहे. मात्र तो सॅम्पल आहे तसा वापरू नका. इंग्रजी टंकाबाहेरचं नाव असलेली नवी फाइल तो अडवतो. अडवतो, पण का ते नीट सांगून अडवतो, हे कबूल करायला हवं.

कोकणकडा, बुधवार रात्री ११.१६

मग नावं रोमनच ठेवावीत, हे शहाणपणाचं नाही का? इतका खटाटोप कशाला?

नुक्ता, बुधवार रात्री ११.४५

@कोकणकडा, नाही. मनापासून सांगते, नाही. गिटला देवनागरी नावांचा काहीच त्रास नाही, ते बाइट जसेच्या तसे ठेवतं. त्रास आपण लिहिलेल्या तिसऱ्या ओळीला झाला. ओव्यांच्या फाइलला ओवी म्हणता येत नसेल तर ओळ बदलायची, नाव नाही.

मात्र देवनागरीत खरोखर जपायचं ते दुसरंच आहे, आणि ओव्यांत ते पावलोपावली येणार. ‘सासऱ्या’, ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा नाही. शिवाय ऱ हे अक्षरही युनिकोडमध्ये एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असं दोन तुकड्यांत, दोन्ही प्रकारे लिहिता येतं, आणि दोन्ही समान मानलेत. गिट मात्र बाइट बघतं, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मॅकसाठी म्हणून ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ ही सेटिंग केलीय. तुमच्यात कोणाकडे मॅक असेल तर ती चालू आहे का बघा.

हुक लिहिताच आहात तर तो न दिसणारा जोडक शोधणारी एक ओळ घाला. रिकाम्या जागांनी ओव्यांचं काही बिघडत नाही, पण दोन तऱ्हांच्या र-ने तुमचा शब्दकोश मोडेल.

रानजाई, गुरुवार सकाळी ६.४०

मैत्रिणीकडे मॅक आहे. आणि हे वाचून अंगावर काटा आला, कारण ‘सासऱ्या’ शोधून पाच ओव्या मिळाल्या तेव्हा मला वाटलं होतं, आजी यावर इतकं कमी गायली?

टाकसाळ, गुरुवार सकाळी ९.१०

धागा वाचनखुणेत टाकला. असाच माझा एक. हुकच्या अगदी शेवटच्या ओळीत कंस टाकून ‘इशारा असेल तर एको’ अशी अट ‘&&’ने लिहिली होती. इशारा नसला की अट खोटी, आकडा १, आणि शेवटच्या ओळीचा आकडा तोच हुकचा आकडा. म्हणजे सगळं बिनचूक असलं की कमिट अडायचं आणि काही चुकलं की व्हायचं! शेवटी ‘एक्झिट ०’ लिहिल्यावर सुटलं.

पिठलंभाकरी, गुरुवार सकाळी ९.२५

माझाही. एक सेटिंगची फाइल बदलायचो, स्टेटस म्हणायचं काहीच बदललं नाही. ‘गिट एलएस-फाइल्स -व्ही’ केल्यावर त्या फाइलपुढचं अक्षर लहान दिसलं, बाकी सगळी मोठी. आधीच्या कोणीतरी तिच्यावर ‘अझ्यूम-अनचेंज्ड’ लावून ठेवलं होतं.

कोकणकडा, गुरुवार सकाळी ९.४०

आणि रिकामं फोल्डर ॲड करून बघा कोणीतरी. तेही असंच निमूट. गिट फायली जपतं, रिकामी फोल्डरं नाही.

@नुक्ता, नावांबद्दल माझं मत बदललं. 

दूरदेशी, गुरुवार सकाळी १०.०५

@जोडाक्षर, एक सुचवतो. लूपमधला ग्रेप डिस्कवरची फाइल वाचतोय. पण कमिट होतं ते इंडेक्समधलं. ॲड केल्यावर फाइल पुन्हा बदलली तर दोन्ही वेगळे. ‘गिट शो’ला अपूर्णविरामानंतर फाइलचं नाव दिलंत की इंडेक्समधली प्रत मिळते. ती तपासा.

जोडाक्षर, गुरुवार रात्री ९.५०

सगळं केलं. ग्रेपने फायली निवडणं गेलं, -झेड आलं, ट्रॅप आला, इंडेक्समधली प्रत तपासतोय, जोडक शोधणारी ओळ घातली. ट्रॅप नीट बोलतो का ते बघायला मुद्दाम एक ओळ मोडून पाहिली. ‘हुक ७ ओळीवर थांबला’ असं आलं. मराठीत. मग ती ओळ परत नीट केली.

नवीन हुक सगळ्या जुन्या फायलींवरही एकदा फिरवला. ४१ फायलींमध्ये तो जोडक निघाला. सगळ्या मीच टाइप केलेल्या, माझा कळफलक वेगळा आहे.

रानजाई, गुरुवार रात्री ११.१५

आज दोघांनी फोन चालू ठेवून त्या ४१ फायली सरळ केल्या. नुसती दुरुस्ती, सूचीला हात नाही. कमिट केलं आणि पहिल्यांदाच गिटने उत्तर दिलं, ४१ फायली बदलल्या.

मग पुन्हा ‘सासऱ्या’ शोधलं. आता एकोणीस.

त्यातली एक धाकट्या आत्याच्या आवाजातली आहे, मागून आजी तिला शब्द सांगतेय. तिथे भावाने एका शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय, ऐकू येत नाही म्हणून. उद्या आत्याला विचारते.

सगळ्यांचे मनापासून आभार. नुक्ता, तुमचं तर फारच. धागा उघडाच ठेवतेय, जोडकाबद्दल अजून विचारायचं आहे.